जोत्याला बाहेरून लावायचा बोर्ड : पातळ हवा, पण ओल न पिणारा. कुठला घेऊ?

नीरजा_मि | १४ एप्रिल, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर कॅनडात, मिसिसागात आहे, १९७४ सालचं. पाया सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचा, आठ इंची. त्यावर आत लाकडी सांगाडा आणि बाहेरून विटांचं आवरण. तळघराची भिंत जमिनीवर साधारण दीड फूट दिसते, म्हणजे आपण ज्याला जोतं म्हणतो तेवढी. सासूबाई दर वर्षी मे ते ऑक्टोबर आमच्याकडे असतात. तळघरातली खोली त्यांची. देव्हाराही तिथेच, ईशान्य कोपऱ्यात. आणि नेमका तोच कोपरा ओला. गेल्या जुलैत पोथ्यांची पानं एकमेकांना चिकटली. भिंतीवर पांढरा खार फुटतो, रंगाचे पोपडे निघतात, खोलीत कुबट वास येतो. हिवाळ्यात त्याच भिंतीला हात लावला तर बर्फासारखी गार.

ईशान्येच्या दोन्ही भिंती बाहेरून खणून जलरोधक थर द्यायचा असं ठरलंय. खणतोच आहोत तर उष्णतारोधक बोर्डही लावून घ्यावा, हा विचार. अडचण जाडीची आहे. विटा आणि ब्लॉक एका रेषेत आहेत, त्यामुळे बोर्ड जेवढा जाड तेवढी विटांखाली कड बाहेर येणार. पूर्वेला शेजाऱ्यांपर्यंत जेमतेम चार फुटांची बोळ आहे, त्यात गॅसचा मीटर, आणि कचऱ्याचे डबे तिथूनच न्यायचे.

दोन ठेकेदार येऊन गेले. पहिला म्हणाला, दोन इंची गुलाबी बोर्ड लावा, दुसरा विचार करू नका. दुसऱ्याने चंदेरी फॉइल लावलेला पिवळा बोर्ड दाखवला : "एका इंचात आर-६ मिळतो, याहून पातळ काही नाही." (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तेवढा बोर्ड चांगला.) मला दुसऱ्याचं पटायला लागलंय, पण खाली मातीत तो टिकेल का?

चिरेबंदी | १५ एप्रिल, सकाळी ८.३०

नीरजाताई, बोर्ड कुठला हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न पाणी येतंय कुठून, दुसरा ते अडवणार कशाने. बोर्ड पाणी अडवत नाही. चाळीस वर्षं बांधकामात काढली, निम्मी कोकणात. तिथे जांभ्याच्या चिऱ्यातून ओल कशी वर चढते ते पाहिलंय. देश बदलला तरी पाण्याचा स्वभाव तोच.

एक सोपी तपासणी आता करा आणि जुलैत पुन्हा करा. ओल्या जागी दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी पक्क्या चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दोन दिवसांनी बघा. कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी असेल तर ओल मातीतून येते आहे. खोलीच्या बाजूला थेंब असतील तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निथळते आहे. पुष्कळदा दोन्ही असतं.

आणि पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. छपराच्या पन्हळीचं पाणी कोपऱ्यातच पडतं का ते बघा.

नीरजा_मि | १५ एप्रिल, रात्री ९.२०

काका, कागद लावला. आज पाऊसही होता म्हणून फेरी मारली. पन्हळीचा उतरता पाइप नेमका ईशान्य कोपऱ्यात येतो आणि थेट जमिनीत गेलेल्या जुन्या मातीच्या नळात शिरतो. तो नळ पुढे कुठे जातो ते कुणालाच माहीत नाही.

कॅलगरीकर | १६ एप्रिल, सकाळी ७.१५

तो नळ तुंबलेला किंवा फुटलेला असणार. सगळ्या छपराचं पाणी देव्हाऱ्याच्या मागे मुरतंय. आजच पाइप तिथून तोडून भिंतीपासून किमान सहा फूट लांब काढा. शिवाय जमिनीचा उतार घरापासून बाहेर हवा, पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी. या दोन गोष्टींना फार खर्च येत नाही आणि निम्मं दुखणं तिथेच संपतं.

आता बोर्ड. मी स्वतः माझ्या घराला २०१८ मध्ये लावले आहेत, म्हणून हाताने केलेलं सांगतो. पिवळा फॉइलवाला म्हणजे पॉलिआयसो. भिंतीवर, छपरावर उत्तम. मातीत अजिबात नाही. फॉइल फक्त दोन बाजूंना असतं, कापलेल्या कडा उघड्याच. त्या कडांतून पाणी शिरतं आणि फॉइलमुळे बाहेर पडत नाही. कोरडा असताना आर-६. भिजल्यावर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

गुलाबी किंवा निळा म्हणजे एक्सपीएस, इंचाला आर-५. पांढरा दाणेदार म्हणजे ईपीएस, घनतेप्रमाणे इंचाला आर-४ च्या आसपास. मी दोन इंची एक्सपीएस लावला.

एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. दुकानात मिळणारं साधं डांबरी चिकटवणी मी ब्लॉकवर फासलं आणि त्यावर बोर्ड दाबला. सकाळी बघतो तर बोर्डाला मागून खळगे पडलेले, पाण्यात बत्तासा विरघळावा तसे. त्या डांबरात द्रावक होता आणि पॉलिस्टायरिन द्रावकात विरघळतं. एक्सपीएस आणि ईपीएस दोन्हींना हे लागू आहे. पाण्यात कालवलेलं बिटुमेन किंवा फोमसाठीच बनवलेलं चिकटवणी घ्या, आणि बिटुमेनचा थर पूर्ण वाळल्याशिवाय बोर्ड टेकवू नका.

ओटावाहून | १६ एप्रिल, दुपारी १२.५०

कॅलगरीकरांशी जवळजवळ पूर्ण सहमत. इमारतींच्या ऊर्जेच्या हिशेबांवर काम करतो, म्हणून पातळपणाचं गणित मांडतो. नीरजाताईंचा निर्णय त्यावरच ठरणार आहे.

जमिनीवर दिसणाऱ्या नुसत्या आठ इंची ब्लॉकची भिंत, आतल्या-बाहेरच्या हवेच्या थरांसह, ढोबळमानाने आर-२ धरा. आज जेवढी उष्णता जाते ती १०० माना.

एक इंच एक्सपीएस लावला की एकूण आर-७ होतो. उष्णता जाते २९. दीड इंचाने एकूण साडेनऊ, जाते २१. दोन इंचाने बारा, जाते १७. आणि तो चंदेरी पिवळा, अगदी कोरडा ठणठणीत राहिला असं धरून, एका इंचात एकूण आठ. जाते २५.

म्हणजे ज्या "सगळ्यात पातळ" बोर्डाचं आकर्षण वाटतंय, तो तेवढ्याच जाडीच्या एक्सपीएसपेक्षा २९ च्या जागी २५ देतो. शंभरातले चार. एवढ्यासाठी मातीत भिजणारा माल पुरायचा का? दुसरं, पहिल्या इंचाने ७१ वाचतात, दुसऱ्याने फक्त १२. जागाच नसेल तर एक इंचालाही नाही म्हणू नका. पहिला इंच सगळ्यात मोलाचा असतो. जमिनीखाली मातीचा स्वतःचाही थोडा रोध असतो, त्यामुळे तिथे हा फरक आणखी कमी होतो.

उन्हाळ्याचंही गणित आहे. जुलैत बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, साधारण साडेएकोणीस अंशांवर येतो. तळघराच्या भिंतीचा खालचा भाग तेव्हा १५-१६ अंशांवर असतो. खिडकी उघडून "हवा खेळती" ठेवली की तीच हवा भिंतीवर पाणी सोडते. पोथ्यांची पानं अशीच चिकटतात. बाहेरून बोर्ड लावला की भिंत मातीच्या गारव्यापासून तुटते आणि खोलीच्या तापमानाजवळ येते. आतून लावला तर भिंत उलट आणखी गार पडते.

सानिका_पुणे | १६ एप्रिल, रात्री ११.१०

धागा आवडीने वाचतेय. अवांतर वाटेल, पण विचारते. आमचा पुण्यातला तळमजल्याचा फ्लॅट, भिंतींना खालून दोन फूट ओल चढते. एकाने आतून हाच एक्सपीएस चिकटवून त्यावर जिप्सम लावायचं सुचवलंय. करावं का?

चिरेबंदी | १७ एप्रिल, सकाळी ७.००

सानिकाताई, नको. पुण्यात तुम्हाला उष्णता अडवायची नाही, ओल अडवायची आहे. बोर्डाने ओल झाकली जाईल, थांबणार नाही, आणि मागे आणखी वर चढेल. तुमच्याकडे जोत्यावरचा ओलप्रतिबंधक थर नाही, तुटलाय, किंवा बाहेरची फरशी त्या थराच्या वर गेली आहे. आधी बाहेर पायाशी केलेला बगिचा, चढवलेली माती, फरशीचा उतार, बाथरूमची गळती हे तपासा. मग भिंतीला भोकं पाडून ओल रोखणारं रसायन सोडण्याचा उपाय असतो, तो जाणकाराकडून. खार धरलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत काढून टाकावाच लागतो, कारण तो खार हवेतली ओल ओढत राहतो. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

राईनकाठी | १७ एप्रिल, दुपारी ४.३०

जर्मनीतून. इथे जोत्याच्या पट्ट्याला झॉकेल म्हणतात आणि घर बांधताना त्याचा वेगळा विचार होतो, कारण वरून पाऊस, खालून माती, उडणारे शिंतोडे, वितळणारा बर्फ हे सगळं त्या दोन फुटांत येतं. आराखड्यात जलरोधक थर जमिनीच्या ३० सेंटिमीटर वरपर्यंत न्यायचा, आणि काम संपल्यावर किमान १५ तरी वर राहिला पाहिजे, असा दंडक आहे. नीरजा, तुझ्या ठेकेदाराला हे नक्की विचार. बरेच जण थर जमिनीच्या पातळीला संपवतात आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

इथे आणखी एक पर्याय वापरतात : फोमग्लास, काचेचा फेस करून केलेला बोर्ड. पाणी शून्य, वाफ शून्य, उंदीर-मुंगी शून्य, जळत नाही. पण महाग, ठिसूळ, आणि त्याच परिणामासाठी एक्सपीएसपेक्षा जाड लागतो. तुझा प्रश्न पातळपणाचा आहे, म्हणून तुझ्यासाठी नाही. निर्वात पॅनेलही असतात, दोन सेंटिमीटरमध्ये अफाट काम करतात, पण कापता येत नाहीत आणि एक खिळा लागला की संपले. जोत्यावर तो विचारच नको.

द्राक्षमळा | १८ एप्रिल, सकाळी ६.२०

मी नाशिकचा, द्राक्षांचं शीतगृह आहे. आमच्याकडे घराच्या पायाला कुणी बोर्ड लावत नाही, पण शीतगृहाच्या जमिनीखाली लावावाच लागतो. ओल्या बोर्डाचं काय होतं ते मी पैसे घालवून शिकलो आहे.

आत शून्य अंश, खाली ऊबदार माती. वाफ नेहमी ऊबदार बाजूकडून गार बाजूकडे जाते. म्हणून प्लास्टिकचा वाफरोधक थर बोर्डाच्या खाली, मातीच्या बाजूला, अखंड हवा. पहिल्या खोलीत ठेकेदाराने तो कागद सांध्यांना नुसता एकावर एक ठेवला, चिकटवला नाही. तिसऱ्या हंगामात कॉम्प्रेसर थांबेना, वीजबिल चढत गेलं. कोपऱ्यातली फरशी फोडून बोर्ड काढला. एक फूट चौरस, चार इंच जाड तुकडा. कोरडा असता तर तीनशे ग्रॅमच्या आसपास भरला असता. द्राक्षाच्या काट्यावर ठेवला, सव्वा किलोच्या पुढे गेला. दाबला तर स्पंजासारखं पाणी.

ताई, दुकानदाराच्या कागदावरचा आकडा कोरड्या बोर्डाचा असतो. तुकडे आणून बादलीत बुडवून बघा. वजन करा. आम्ही आता प्रत्येक खेपेला करतो.

नीरजा_मि | १८ एप्रिल, रात्री ८.४५

दादा, ही कल्पना फार आवडली. उद्याच दुकानातून तिन्हींचे तुकडे आणते.

कागदाचा निकाल : दोन दिवसांनी भिंतीच्या बाजूला पाणी. म्हणजे मातीतून येतंय. पाइप तोडून आठ फूट लांब काढला आहे.

आणखी एक विचारते. खणायचं नाहीच, आतूनच एक इंच चिकटवून मोकळं व्हायचं, असं मिस्टर म्हणतात. त्यांना काय सांगू?

ओटावाहून | १९ एप्रिल, सकाळी १०.३०

त्यांना सांगा, ब्लॉक पोकळ आहेत. भिंतीच्या पोटात पाणी साठतं. आतून बोर्ड लावला की भिंत गार आणि ओली राहते, ते पाणी गोठतं, सांध्यांचा चुना-सिमेंट फुटतं, आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. मातीतून पाणी येत नसतं आणि खणणं शक्यच नसतं, तर आतून बोर्ड घट्ट चिकटवून, सांधे बंद करून, आगीपासून संरक्षणासाठी वर जिप्सम लावून चाललं असतं. तुमच्या कागदाने मात्र उलट उत्तर दिलं आहे.

एक्सपीएस की ईपीएस, हा वाद जुना आहे, आणि दोन्ही बाजूंनी माल विकणारेच आकडे दाखवतात. प्रयोगशाळेत बुडवून ठेवलं तर एक्सपीएस कमी पाणी घेतो, यात शंका नाही. पण मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये १५ वर्षं तळघराच्या भिंतीला शेजारी-शेजारी पुरलेले दोन्ही बोर्ड २००८ साली काढून तपासले, तेव्हा ईपीएसमध्ये आकारमानाच्या ४.८ टक्के पाणी निघालं आणि एक्सपीएसमध्ये १८.९. ही तपासणी ईपीएसवाल्यांनी पुढे आणली, हे ध्यानात ठेवून वाचा. त्यातून मला पटलेलं एवढंच : जमिनीत बोर्ड किती भिजतो याइतकंच तो किती लवकर वाळतो हे महत्त्वाचं, आणि ईपीएस वाळतो चांगला. आमच्याकडे ओटावात राष्ट्रीय संशोधन परिषदेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याच आवारात तळघराच्या भिंतीला बाहेरून ईपीएस लावून दोन हिवाळे मोजला. मोठ्या पावसात आणि बर्फ वितळताना बोर्डाच्या बाहेरच्या अंगाने पाणी वाहिलं, तरी उष्णता अडवण्याचं काम ढळलं नाही.

म्हणून माझं मत : निचरा चांगला असेल तर दोन्ही चालतात. जागा कमी असेल तर एक्सपीएस, कारण त्याच जाडीत इंचाला आर-४ ऐवजी आर-५ मिळतो. ईपीएस घेतलात तर निदान टाइप २, म्हणजे जास्त घट्ट प्रतीचा घ्या, टीव्हीच्या खोक्यातला ठिसूळ थर्मोकोल नाही. ताकदीची काळजी नको. दोन मीटर खोलीवर मातीचा आडवा दाब २० किलोपास्कलच्या आसपास असतो, टाइप २ सुद्धा शंभराच्या वर सहन करतो.

एक्सपीएस घेताना नवा माल घ्या. जुन्या पद्धतीत फेस करायला वापरले जाणारे वायू वातावरण फार तापवत. कॅनडात २०२१ पासून तसे फोम बनवायला आणि आणायला बंदी आहे.

मुक्ता_हॅलिफॅक्स | १९ एप्रिल, सायंकाळी ६.००

दगडी लोकरीचा कडक बोर्ड कुणी सांगितला नाही म्हणून सांगते. इंचाला आर-४. पाणी त्याच्या बाहेरच्या तंतूंतून खाली निथळून जातं. मुंग्या घर करत नाहीत. आमच्या आधीच्या घरात फोमच्या मागे सुतारमुंग्यांनी बोगदे केले होते. पार्जिंगला, म्हणजे बोर्डावरच्या सिमेंटच्या पातळ गिलाव्याला, तडा गेला आणि तिथून पांढरा भुसा पडू लागला, तेव्हा कळलं. जमिनीखाली मला लोकरच आवडते. जोत्यावर मात्र ती मऊ पडते, पाय लागला की खड्डा.

कॅलगरीकर | १९ एप्रिल, रात्री ९.३०

मुक्ता, बरोबर आहे, मुंगीचा मुद्दा राहिला होता. फोम त्या खात नाहीत, पण पोखरून राहतात. टोरोंटोच्या काही जुन्या वस्त्यांत तर वाळवीही आहे. म्हणून वरचं टोक कधी उघडं ठेवायचं नाही, आणि बोर्डाच्या माथ्यावर वाकवलेल्या पत्र्याची पट्टी भिंतीत खाचून बसवायची. पट्टीला बाहेर उतार हवा, म्हणजे विटांवरून ओघळणारं पाणी बोर्डाच्या मागे जाणार नाही.

नीरजाताई, विटांच्या तळच्या थरात उभ्या सांध्यांमध्ये काही ठिकाणी मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या फटी असतात, विटांमागचं पाणी बाहेर काढायला. पत्र्याची पट्टी त्या फटींच्या खाली आली पाहिजे. त्या बुजवल्यात तर पाणी लाकडी सांगाड्यात जाईल आणि जोतं वाचवायला जाऊन घर गमवाल. पार्जिंगवाला सफाईच्या उत्साहात त्या भरतो. त्या दिवशी समोर उभ्या राहा.

जोत्यावरचा बोर्ड उन्हात सोडू नका. दोन-तीन महिन्यांत एक्सपीएसचा पृष्ठभाग पिवळट, पिठासारखा होतो आणि त्यावर पार्जिंग धरत नाही. मला एक भिंत पुन्हा घासायला लागली. लावण्याआधी गुळगुळीत पापुद्रा तारेच्या ब्रशने खरवडून घ्या, जाळी बसवा, मग ॲक्रिलिक मिसळलेलं पार्जिंग दोन हातांत. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी एका उन्हाळ्यात पार्जिंगला खाच पाडते. भिंतीलगत फूटभर खडी टाका, म्हणजे तिथे गवतच नको.

चिरेबंदी | २० एप्रिल, सकाळी ८.१०

खणण्याबद्दल दोन शब्द, कारण त्यात जीव जातो. चार फुटांहून खोल चर असेल तर बाजू उताराने कापलेल्या हव्यात किंवा आधार दिलेला हवा, ऑन्टारियोत हा नियम आहे. "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणून कुणालाही तसंच उतरू देऊ नका. पायाच्या तळाच्या खाली खणायचं नाही. पन्नास वर्षांची ब्लॉकची भिंत आहे, सगळी लांबी एकदम उघडू नका, टप्प्याने घ्या. गॅसचा मीटर त्याच बोळीत आहे म्हणताय, तर आधी ऑन्टारियो वन कॉलला कळवून वाहिन्यांच्या खुणा करून घ्या, ते फुकट असतं.

थरांचा क्रम : भिंत घासून धुणे, सांधे भरणे, सिमेंटचा गिलावा, त्यावर जलरोधक थर पायाच्या तळापासून जमिनीच्या वरपर्यंत, मग बोर्ड, बोर्डावर गोट्यांचं प्लास्टिक, म्हणजे गोटीएवढे उंचवटे असलेला जाड कागद. तळाशी छिद्रांचा नळ, खडी, आणि खडीवर गाळणीचं कापड. गोट्यांच्या प्लास्टिकचा दुसराही उपयोग आहे : हिवाळ्यात गोठलेली माती बोर्डाला चिकटून त्याला वर ओढते, प्लास्टिक असलं की ती घसरते.

नीरजा_मि | २९ एप्रिल, रात्री ९.५०

बादलीचा प्रयोग दहा दिवस चालला. तिन्ही तुकड्यांवर दगड ठेवून बुडवले होते. गुलाबी तुकडा पुसला आणि सुरीने कापला : आत कोरडा, कापलेल्या जागी टिपकागद दाबला तर डागही नाही. पांढऱ्याच्या दाण्यांच्या फटींत ओल होती, पण रात्रभर खिडकीत ठेवल्यावर सकाळी पूर्ण वाळला. पिवळ्याच्या चारही कडा गडद झाल्या होत्या. फॉइलचा एक कोपरा सुटला होता आणि टिपकागद लगेच भिजला. तीन दिवस खिडकीत ठेवला तरी मधला भाग गारच लागत होता. मिस्टरांनी तो हातात धरून बघितला आणि खणायला तयार झाले.

निर्णय : उत्तरेला दोन इंची एक्सपीएस, तळापासून विटांपर्यंत. पूर्वेच्या बोळीत मातीखाली दोन इंची आणि वर दिसणाऱ्या जोत्यावर दीड इंची, कारण गॅसच्या मीटरमागे तेवढीच जागा आहे. दुसऱ्या ठेकेदाराला नम्रपणे नाही कळवलं.

ओटावाहून | ३० एप्रिल, सकाळी ७.४०

उत्तम. दोन इंचांवरून दीड इंचावर येताना जमिनीच्या पातळीला अर्ध्या इंचाची पायरी होईल, तिथे पाणी थांबेल. वरची कड खालच्या बोर्डाला तिरकी कापून मिळवा आणि तो सांधा जमिनीखाली दोन-तीन इंच ठेवा. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका.

नीरजा_मि | १६ जून, सायंकाळी ७.१५

काम संपलं. खणताना तो मातीचा नळ सापडला. भिंतीपासून तीन फुटांवर झाडाच्या मुळांनी गच्च भरलेला होता. ब्लॉकचा सर्वांत खालचा थर उघडल्यावर एका फटीतून पाणी वाहायला लागलं, दुपारभर वाहत होतं. ते सगळं पाणी भिंतीच्या पोटात होतं. आतून बोर्ड लावला असता तर ते तिथेच राहिलं असतं.

पार्जिंगच्या दिवशी मी समोर उभी होते. त्या माणसाने खरंच पहिली फट बुजवायला घेतली होती. थांबवून दाखवली, तर म्हणाला, गेली किती तरी वर्षं भरतोय, कुणी सांगितलंच नाही. मग प्रत्येक फटीत त्याने स्वतःहून दोरीचा तुकडा खोचून ठेवला आणि शेवटी ओढून काढला. कॅलगरीकर, तुमचे कसे आभार मानू?

कड विटांखाली दोन इंच आली आहे, पत्र्याची पट्टी विटांच्याच रंगाची मिळाली. डब्यांची गाडी बोळीतून जाते.

सानिका_पुणे | १७ जून, दुपारी १.००

नीरजा, फोटो टाक ना. आमच्याकडेही बाहेरची फरशी जोत्यावरच्या थरापेक्षा चार इंच वर निघाली. काकांनी सांगितलं तेच.

नीरजा_मि | २६ जुलै, रात्री १०.३०

फोटो उद्या टाकते. आज बाहेर २९ अंश आणि प्रचंड दमट आहे. खिडक्या बंद, आर्द्रता शोषणारं यंत्र रात्री फक्त तीन तास चालतं, पूर्वी दिवसभर चालायचं. कोपऱ्यातल्या भिंतीला टेकवलेला तापमापक २१ दाखवतोय, खोलीतली आर्द्रता ५२. खार अजून फुटतो, पण थोडा. चिरेबंदी काका, भिंतीच्या पोटातलं पाणी वाळायला किती वेळ लागेल?

सासूबाईंनी आज पोथ्या परत देव्हाऱ्याखाली ठेवल्या. मी म्हटलं अजून एक महिना थांबू या. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाल्या, "कोरडी आहे गं."

चिरेबंदी | २७ जुलै, सकाळी ७.०५

पुढचा उन्हाळा जाऊ द्या. तोवर आतून तेलरंग किंवा प्लास्टिकचा रंग लावू नका, भिंतीला श्वास घेऊ द्या. खार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने पुसू नका, पाण्याने तो परत आत जातो. आणि देव्हारा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.